घोट्यापर्यंत

मी फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. जवाहरनगरच्या क्वार्टरांमधल्या बाया माझ्या तोंडाला वचकून असायच्या. मनात आलेलं माझ्या ओठावर यायला वेळ लागत नाही आणि आल्यावर ते गिळायची मला सवय नाही. बपेऱ्याला माझ्या माहेरी मात्र सगळं उलटं. माझे बाबा केवळराम आणि माझी माय तुळसा, दोघंही मनातलं मनातच ठेवणारी माणसं. त्यांच्या पोटी मी एकुलती एक, आणि अशी कशी निपजले ते देवच जाणे.

सत्त्याहत्तरच्या चैत्रात मायला लकवा मारला. अंगणात मोहफुलं वाळत घालताना ती आडवी झाली, आणि पुन्हा शुद्धीवर आली तेव्हा डावा हात, डावा पाय तिचे राहिले नव्हते. तुमसरच्या दवाखान्यात पंधरा दिवस ठेवून डॉक्टरांनी घरी पाठवलं. बोलणं शाबूत होतं, डोकं शाबूत होतं. वय पंचेचाळीसच्या आतबाहेर.

मी म्हटलं, माझ्याकडे चला. बाबा म्हणाले, लेकीच्या घरी खाटेवर पडून राहायचं नाही. आमच्यात ती रीत नाही. मी त्यांच्याशी कडाकडा भांडले, पण ते बैलाच्या शिंगाला तेल लावत राहिले आणि भांडण माझ्याजवळच राहिलं. माझी दोन पोरं शाळेत, ह्यांची फॅक्टरीत पाळीची ड्युटी. महिन्यातून एकदा मी भंडारा, भंडाऱ्याहून तुमसर, तुमसरहून बपेरा अशा तीन एसट्या बदलून जायची, दोन दिवस राहायची आणि परत यायची.

मायचं मागणं एकच होतं. तिला परसाकडे आपल्या पायानं जायचं होतं. देवाकडे, डॉक्टरकडे, माझ्याकडे तिनं दुसरं काही मागितलं नाही. बाबा तिला उचलून घराच्या वाडीमागे न्यायचे, पाठ फिरवून उभे राहायचे, पुन्हा उचलून आणायचे. त्या लाजेपायी ती पाणी पिईना. भात दोन घास खायची आणि पोट भरलं म्हणायची. अंग झिजत चाललं. ह्या बाईला लकवा मारणार नाही, लाज मारेल, असं मी बाबांना तोंडावर म्हटलं. दुसऱ्या दिवशी ते पार्वताबाईला बोलवायला गेले.

पार्वताबाई गावच्या दुसऱ्या टोकाला राहायची. बाळंतिणींना आणि तान्ह्या पोरांना मालिश करण्यात पंचक्रोशीत तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. छप्पन सालानंतर तिच्या वस्तीनं बौद्ध धम्म घेतला आणि गावाची पडेल ती कामं सोडली. सुईणपण तिनंही सोडलं. मालिश मात्र ठेवली, पण स्वतःच्या अटींवर. घरी बोलवायला यायचं, समोरच्या दारानं घ्यायचं, बसायला खाट द्यायची, आणि चहा घरची माणसं पितात त्याच कपात. ज्यांना हे जमत नव्हतं त्यांच्या बाळंतिणी तशाच कण्हत राहायच्या. आमच्या घरी पहिल्या दिवशी बाबांनी चहा स्वतः करून आपल्याच कपात दिला. आजी जिवंत असती तर काय झालं असतं, ते न बोललेलंच बरं.

मोहाच्या बिया, म्हणजे टोळी, घाण्यावर गाळून आणलेलं तेल, त्यात लसूण आणि ओवा जाळलेला. ती खाटेच्या पायथ्याशी बसायची आणि खालून वर यायची. आधी बोटं, मग तळवा, मग पंजा धरून वर मोडायचा आणि सोडायचा, वीस वेळा. मग पोटरी, मांडी, कंबर. तेल जिरलं की निर्गुडीचा पाला तव्यावर वाफवून तो गरम गरम अंगावर थापायचा, आणि जुन्या लुगड्याच्या पट्ट्यांनी पायाच्या बोटांपासून कमरेपर्यंत आवळून बांधायचं. वर कांबळ. तशी गुंडाळलेली माय तासभर पडून राहायची. पहिल्यांदा मी ते पाहिलं तेव्हा तिचा चेहरा मला ओळखू येईना. कपाळावरची आठी, जी मी जन्मल्यापासून पाहत आले होते, ती गेली होती.

"अशी झोप मले लग्नापासून नाई आली," ती जागी झाल्यावर म्हणाली. "पार्वताबाई, तुमाले कोण करते वो मालिश?"

पार्वताबाई हसली. "मले कोण करन? मी आपल्या हातानं गुडघ्याले तेल फासतो अन् निजतो."

मला तेव्हा मनापासून वाईट वाटलं. रोवणं, निंदण, कापणी, धान कांडणं, सगळ्यांचं करणं, आणि मायच्या अंगाला फक्त तिच्यासाठी म्हणून कोणी हात लावावा, यासाठी तिला लकवा व्हावा लागला.

सात महिने पार्वताबाई रोज आली. आधी बोटं हलली. मग हात खांद्याइतका उचलू लागला. दिवाळीच्या पाडव्याला मी गेले होते तेव्हा माय दाराची चौकट धरून उभी राहिली. पाच श्वास मोजावेत इतकीच, पण उभी. बाबा अंगणात होते. ते आत आले नाहीत, तिथूनच पाहत राहिले आणि मग उगाच गोठ्याकडे गेले. रडायला गेले होते, दुसरं काय.

अन् तेव्हाच पार्वताबाईच्या लेकाचं पत्र आलं. तो नागपूरला रेल्वेत लागला होता, सून बाळंत झाली होती, करायला कोणी नव्हतं. तिला जाणं भाग होतं. जायच्या आधी आठ दिवस तिनं बाबांना शिकवलं.

आता बपेऱ्यासारख्या गावात नवऱ्यानं बायकोच्या अंगाला तेल चोळणं म्हणजे काय, हे मी सांगायला नको. पारावर हसायला महिनाभराचा माल. म्हणून सकाळी दाराला आतून कडी लागायची, आणि मायनं शेजारणींना सांगून ठेवलं होतं की आता मालिशीची गरज नाही, औषधावर आहे. कोणी मदतीला आलं तर गुपित फुटेल, म्हणून मदतही नको. बाबांच्या हातांना नांगराच्या रुमण्याचे घट्टे. पहिल्या दिवशी म्हणे माय ओरडली, "खरारा करून राहिले का बैलाले?" आणि दोघंही हसली. हे मायनंच मला सांगितलं, आणि सांगताना पुन्हा हसली.

एकदा मी पहाटेच्या गाडीनं लवकर पोहोचले. कडी लागलेली होती. फटीतून मी पाहिलं. पाहायला नको होतं, पण मी तशीच आहे. बाबा गुडघ्यावर बसून मायच्या पायाला पट्टी गुंडाळत होते. इतक्या जपून, जशी काही ती तुटेल. माय काहीतरी हळू बोलत होती आणि ते मान हलवत होते. तीस वर्षांच्या संसारात त्यांना एकमेकांशी इतकं बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं. पट्टी कमरेपासून खाली येत येत घोट्यापर्यंत आली आणि तिथं त्यांनी गाठ मारली. पाऊल उघडंच राहिलं. मी ते पाहिलं. पार्वताबाई बोटांपासून बांधायची हे मला ठाऊक होतं. पण माझ्या डोक्यात काही उजेड पडला नाही, मी आपली त्या दोघांना पाहून सुखावून गेले.

दर महिन्याला मी विचारायची, "माय, पाय चोळून देऊ का?"

"नोको वो, आत्ताच बाबानं केलं," ती म्हणायची आणि पाय कांबळाखाली ओढून घ्यायची. तीन एसट्यांचा धक्का खाऊन आलेली मी, मलाही ते बरंच वाटायचं. ह्यासाठी मी स्वतःला माफ केलेलं नाही.

हात चांगला सुधारला. माय बसून तांदूळ निवडायला लागली. मांडीत जोर आला. पण उभं राहायला गेली की डावं पाऊल जमिनीवर टेकेना. टाच वर आणि बोटं खाली, जणू कोणी तिला उंच फळीवरचं काही काढायला लावलंय. दाराची चौकट धरून ती प्रयत्न करायची आणि कलंडायची. पार्वताबाई मधे एकदा पोळ्याला येऊन गेली, तेव्हा माय तापानं झोपली होती. "पाय करता न भाऊ?" तिनं दारातूनच विचारलं. "हो, रोज करतो," बाबा म्हणाले. ती निघून गेली. असं करत दोन वर्षं गेली. मी मानून चालले की लकव्याचं असंच असतं, काही येतं, काही जातं.

एकोणऐंशीच्या मार्गशीर्षात पार्वताबाई कायमची गावात परतली. त्या दिवशी योगायोगानं मी तिथं होते. ती आली, खाटेच्या पायथ्याशी बसली आणि कांबळ बाजूला सारून तिनं मायचं पाऊल मांडीवर घेतलं. मायनं ओढून घ्यायचा प्रयत्न केला, पण पार्वताबाईची पकड सुटणारी नव्हती. तिनं पंजा वर मोडून पाहिला. हलला नाही. टाचेमागची शीर तिनं अंगठ्यानं दाबली, पुन्हा दाबली.

"केवळरामभाऊ," ती म्हणाली, "हा पाय कोणी धरलाच नाई."

बाबा उंबऱ्याजवळ उभे होते. ते जमिनीकडे पाहू लागले.

"मी सांगून गेली होती न तुमाले? बाकी एखाद्या दिवशी राह्यलं तं चालते, पाय चुकवाचा नाई म्हणून? पंजा रोज वर मोडा, नाई तं तो लोंबन अन् तसाच धरन म्हणून?"

"त्यायले काय बोलता?" माय मधेच म्हणाली. "मीच आन घातली होती. पयल्याच दिवशी. नवऱ्यानं पावलाले हात लावला तं बाईले पाप लागते. तेवढं सोडून सारं केलं त्यायनं."

"अवो बाई," पार्वताबाई म्हणाली, "त्या पायावरच तं तुमचं उभं राहणं होतं. मी ह्याईले बाहेर नेऊन सांगतलं होतं."

मायनं मान वळवली आणि बाबांकडे पाहिलं. मी तिच्या उशाशी होते, म्हणून मला तिचा चेहरा पूर्ण दिसत होता.

"तुमाले ठाऊक होतं?"

"हो."

"मंग मले काहून नाई सांगतलं?"

बाबा म्हणाले, "सांगतलं असतं तं तुले निवडा लागलं असतं. पाय का पाप. कायले तुह्या जिवाले घोर लावाचा? अन् तू नाईच म्हटली असती."

"इचारलं होतं मले?" माय म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "एक डाव इचारून पाहाचं होतं. लावू देला असता मी."

त्यानंतर जे बोलले ते मीच बोलले. दोन वर्षं, मी म्हटलं, दोन वर्षं तुम्ही दाराला कडी घालून बसलात आणि एकमेकांना एवढी एक गोष्ट विचारता आली नाही? पार्वताबाईला खोटं, मला खोटं, कोणासाठी? मला एक कार्ड टाकलं असतं तर मी येऊन राहिले असते, पोरं गेली असती चुलीत. यातलं अर्धं खरं नव्हतं, मी येऊन राहिले नसते, पण तोंड थांबेना. बाबा ऐकत उभे राहिले. शेवटी पार्वताबाईनंच माझा दंड धरला आणि मला खाली बसवलं.

"आता लावा," माय बाबांना म्हणाली.

बाबा पायथ्याशी बसले. तेलाची वाटी पार्वताबाईनं त्यांच्याजवळ सरकवली. ते पाऊल त्यांनी हातात घेतलं आणि नुसतेच पाहत राहिले. लग्नात अंगठ्याला हात लावला असेल तेवढाच, त्यानंतर तीस वर्षांत पहिल्यांदा. रोवण्याच्या चिखलानं बोटांच्या बेचक्यांत पडलेले जुने डाग, टाचेच्या भेगा, एका नखाचा तुकडा उडालेला. त्यांनी एकेक जागा बोटानं चाचपली. जोडवी आड येत होती. ती काढा, असं पार्वताबाई म्हणाली, पण माय काही काढू देईना, म्हणून ते जोडव्याच्या भोवतीनं बोट फिरवत राहिले.

मग त्यांनी पंजा वर मोडायला घेतला. पार्वताबाईनं शिकवलं होतं तसं, एक हात टाचेखाली, एक बोटांवर.

"दुखते का?"

"नाई जी," माय म्हणाली. "बरं वाटते."

तिचा पदर तिच्या दातांत होता. बाबा खाली पाहत होते, त्यांना दिसलं नाही. मला दिसलं. आखडलेली शीर ताणली जाताना काय होतं हे मला ठाऊक नाही, पण तिच्या कानशिलावरून घाम उतरत होता आणि ती म्हणत होती, अजून थोडं करा.

मी आठ दिवस राहिले. रोज हेच. दुखते का, नाई जी, बरं वाटते. पुढच्या महिन्यात गेले तेव्हाही हेच. बाबांना वाटायचं पाऊल बोटभर वर आलंय. ते मला दाखवायचे, पाहा, पाहा. पाऊल होतं तिथंच होतं. माय त्यांच्याकडे पाहून मान डोलवायची. आता ती पाणी पोटभर प्यायची, भात खायची. बाबा तिला वाडीमागे उचलून न्यायचे आणि तिची त्याबद्दल तक्रार उरली नव्हती. त्या चार महिन्यांत ती सुखी होती, असं मला कधी वाटतं, आणि असं वाटलं की रडू येतं.

ऐंशीच्या चैत्रात तीन दिवसांच्या तापानं ती गेली. पुन्हा उभी राहिली नाही.

तेराव्याला पाहुणे जेवून गेले. दुपारी मी निघायच्या तयारीत होते. बाबा गोठ्यात बैलांना तणस टाकत होते. मी सांगून निघावं म्हणून गेले. ते माझ्याकडे पाठ करूनच बोलले.

"सुले."

"काय बाबा?"

"पयल्यापासून पाय केला असता, तं उभी झाली असती न तुही माय?"

बाबांनी उभ्या आयुष्यात मला विचारलेला हा पहिला प्रश्न. कसा आहे बाजार, पोरं कशी आहेत, हे सोडून. आणि माझ्या मनात त्या क्षणी काय होतं, तर माय दारात चौकट धरून उभी राहिली होती ते. पाच श्वास. मला भयंकर राग आला होता, तेरा दिवसांचा, दोन वर्षांचा, तीन एसट्यांचा.

"हो," मी म्हटलं. "उभी झाली असती."

त्यांनी हातातली पेंढी सोडली, ती पसरली, पुन्हा दुसरी घेतली.

"हो न," ते म्हणाले. "मलेबी तसंच वाटे."

मी तुमसरची गाडी धरली. बाबा त्यानंतर नऊ वर्षं जगले. मी जात होते, येत होते. त्या गोष्टीवर ते पुन्हा बोलले नाहीत आणि मलाही काढता आली नाही. त्या घरात दोन वर्षं सगळ्यांनी एकमेकांच्या मायेपोटी खोटं बोलून घेतलं. माझी पाळी आली तेव्हा मी खरं बोलले.